पालथा ठेवलेला फोन

माझ्या मुलीच्या कानात मी बांग दिली ती मस्कतहून. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान म्हणतात. बाप म्हणतो, नाहीतर आजोबा. बाळाच्या कानावर पडणारे पहिले शब्द ते असावेत, असा रिवाज आहे. मी तेव्हा मस्कतला एका गोदामात मालाची आवकजावक बघत होतो आणि बायको बाळंतपणाला माहेरी, पोलादपूरला होती. रजा मिळाली नाही, तेव्हा मी हट्ट धरला की बांग मीच देणार, फोनवरून. सासऱ्यांना ते पटलं नव्हतं, पण जावयाशी वाद कोण घालणार. त्यांनी मुकाट्यानं मोबाइल बाळाच्या कानाशी धरला. मी गोदामाच्या मागे पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून हळू आवाजात बांग दिली. फोन ठेवल्यावर सासऱ्यांनी हातपाय-तोंड धुऊन, वजू करून स्वतः पुन्हा बांग दिली, मला न सांगता. पुढे ते कळलं तेव्हा मी बायकोवर आठवडाभर रुसलो होतो. मी तसा रुसका आहे, आणि रुसलो की फार बोलतही नाही.

दोन्ही वेळा बाळ डोळे उघडे ठेवून शांत पडून होतं. दचकलं नाही, रडलं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. पोर शांत आहे, आजोबांवर गेलंय, असं फोनवर मला चार जणांनी सांगितलं आणि मीही ते गोदामातल्या चार जणांना सांगितलं.

दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर लसींच्या खाली एक ओळ होती: ऐकण्याची तपासणी, एक महिन्यानं. ती ओळ घरात कोणीच वाचली नाही असं नाही. मेव्हण्यानं वाचली होती. पण त्या महिन्यात पाऊस मुसळधार होता, घाटात दरड आली होती, बाळाला सर्दी होती, आणि ज्या पोरीच्या कानात कधी काही दुखलं-खुपलं नाही तिचे कान तपासायला कशाला न्यायचे, असं सगळ्यांचं मत पडलं. मला विचारलं असतं तर माझंही तेच पडलं असतं.

सासऱ्यांचं घर हायवेला लागून आहे. कशेडी घाटाकडे निघालेले ट्रक तिथून जातात, आणि त्यांच्या हॉर्नचा आवाज असा की पाहुणा दचकून हातातला चहा सांडतो. बाळ मात्र त्या आवाजात ढिम्म झोपायचं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की हे हायवेवरचं पोर आहे, पोटात असल्यापासून याला सवय आहे. त्या घरातली सगळीच मुलं तशी झोपत आली होती, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

आणि माझा फोन. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी रोज व्हिडिओ कॉल करायचो. बायको फोन पाळण्यासमोर धरायची, आणि मी हाक मारली की मुलगी गर्रकन वळून बघायची. चौथ्या-पाचव्या महिन्यात तर ती हातपाय झाडून हसायची. बाप दीड-दोन हजार किलोमीटरवर बसलाय आणि लेक त्याचा आवाज ओळखते, या गोष्टीचा मला इतका गर्व झाला होता की खोलीतल्या दोघा मल्याळी सोबत्यांना मी बळंच फोनसमोर बसवून ते दाखवलं होतं. फोन आला की अंधाऱ्या खोलीत फोनचा पडदा उजळतो, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

बायको सहा महिन्यांनी महाडजवळ आमच्या घरी आली आणि तिथून खरी सुरुवात झाली. तिनं मला पहिल्यांदा सांगितलं ते कुकरचं. कुकरची शिट्टी झाली आणि बाळ मान न हलवता चमच्याशी खेळत राहिलं. मग एकदा माझ्या आईच्या हातून पितळेचा टोप फरशीवर पडला. शेजारच्या घरातून बाई विचारायला आली, पण बाळानं वर बघितलं नाही. दारातून मांजर गेलं तर मात्र लगेच बघितलं. मी म्हणालो, मुलं खेळात रंगली की असंच होतं, थांब, मी आल्यावर बघू.

आईनं तिच्या पद्धतीनं परीक्षा घेतली. बाळाला खाटेवर बसवलं, समोर उभं राहून स्टीलच्या ताटावर उलथनं वाजवलं. बाळानं डोळे मिचकावले आणि ताटाकडे बघायला लागलं. झालं, आईनं निकाल दिला आणि मला फोन करून सुनेची तक्रारही केली, की ही पोरीच्या जिवाला उगाच घोर लावतेय. उलथनं हवेत फिरताना बाळाला दिसत होतं आणि ताट कठड्याला लागून खाट हादरत होती, हे बायकोनं पाहिलं होतं. सासूसमोर ती गप्प बसली. मला तिनं सांगितलं, आणि मी आईची बाजू घेतली. मनातून तेव्हा मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी चिडतो. तिला म्हणालो, इंटरनेटवर काहीबाही वाचणं बंद कर.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी मी फोन केला तर पडदा काळा. मला वाटलं नेट गेलं. तिचा आवाज आला, की चालू आहे, तुम्ही हाक मारा. मी घरात जे लाडाचं नाव आहे त्या नावानं हाक मारली. ती म्हणाली, अजून मारा. मोठ्यानं. मी मोठ्यानं मारली. मी गोदामाच्या पायरीवर बसलो होतो, आजूबाजूचे लोक बघायला लागले, तरी मी काळ्या पडद्याकडे बघत लेकीला हाका मारत राहिलो. टाळ्या वाजवल्या, तिला आवडतं म्हणून चुटक्या वाजवल्या. पलीकडून काहीच नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, दहा-बारा हाका तरी झाल्या असतील.

मग पडदा उजळला आणि बायकोचा चेहरा दिसला. ती रडत नव्हती.

"फोन मी तिच्या पाठीमागं पालथा ठेवलेला," ती म्हणाली. "आवाज पुरा मोठा केलेला. एकदा पण वळली नाय. आता उचलून धरला, तर बघा."

फोन वळला आणि माझी मुलगी माझ्याकडे बघून हातपाय झाडत हसली.

मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो की स्पीकर खराब असेल, की तुला पोरीत खोटच काढायची आहे, की मी इथे एकटा मरतोय आणि तू मला असले खेळ दाखवतेस. आणि फोन कापला. तीन दिवस व्हिडिओ कॉल केला नाही. खरं कारण वेगळं होतं. आठ महिने ज्याला मी ओळख समजत होतो ती एका उजेडाची ओळख होती, आणि हे मान्य केलं तर माझ्या वाट्याला काहीच उरत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी फोन केला तेव्हा ती महाडला मुलांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. माझी वाट बघितली नव्हती, आईला विचारलं नव्हतं. भावाला पोलादपूरहून बोलावून घेतलं आणि गेली. डॉक्टरांनी पनवेलच्या एका तपासणी केंद्राची चिठ्ठी दिली होती. ऐकू आल्यासारखं वाटतंय की खरंच ऐकू येतंय हे तिथल्या मशीनवर कळेल, आणि आता उशीर नको, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी सुपरवायझरशी भांडून रजा घेतली.

पनवेलला जाताना गाडीत मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. मी कानात इयरफोन घालून जुने व्हॉइस मेसेज काढले. बायको मला बाळाचे आवाज पाठवायची आणि मी एकही पुसला नव्हता. दुसऱ्या महिन्यातलं आ-आ. चौथ्यातलं गुर्रगुर्र, मधेच किंचाळून हसणं. पाचव्या महिन्यात एक मेसेज दीड मिनिटाचा होता, त्यात ती एकटीच काहीतरी लांबलचक सांगत होती. सहाव्यात अर्ध्या मिनिटाचे. सातव्यात दोनच, आणि त्यातल्या एकात बायकोच बोलत होती, "बोल ना गो, अब्बाला काय तरी बोल." आठव्यात एकही नाही. मी ते क्रमानं ऐकले, पुन्हा ऐकले. हे सगळं माझ्याच खिशात पडून होतं.

केंद्रातली तपासणी करणारी मुलगी वयानं लहान होती, चष्मा लावलेली, फार शांत. मुलीला झोपवून डोक्याला तारा चिकटवून एक तपासणी झाली. त्या मशीनच्या रेघा मला कळल्या नाहीत. तपासणारीच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते मी बघत होतो, तिथेही काही कळलं नाही. लेक उठल्यावर दुसरी तपासणी. भिंतींना करडा स्पंज लावलेली छोटी खोली, दोन्ही बाजूंना स्पीकर, स्पीकरवर एकेक काळी पेटी. आवाज आला आणि मूल त्या बाजूला वळलं की पेटीत दिवा लागतो आणि आतलं खेळण्यातलं माकड ढोल वाजवतं. मूल चटकन शिकतं, मग आवाज हळूहळू बारीक करत न्यायचा, असं तिनं समजावलं. मुलीला मांडीवर घेऊन मी आत बसलो. बायको काचेपलीकडे उभी राहिली.

पहिला आवाज जोराचा होता. मुलगी वळली, माकड वाजलं, ती खूश झाली. दुसऱ्यालाही वळली. मग आवाज कमी झाला, तरी वळली. आणखी कमी, तरी वळली. माझा जीव भांड्यात पडायला लागला. मी काचेतून बायकोकडे बघून मान हलवली, बघितलंस ना, अशी.

तपासणारी मुलगी यंत्र थांबवून आत आली. "आवाज आला की तुमच्या मांड्या आवळल्या जातायत," ती हळूच म्हणाली. "ती आवाजाला वळत नाहीये. तुम्हाला ओळखून वळतेय."

तिनं माझ्या कानांवर मोठे हेडफोन घातले. त्यात नुसता खरखर आवाज होता, बाकी काही ऐकू येईना. आता मला कळत नव्हतं की खोलीत कधी काय वाजतंय. मुलगी माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. काचेपलीकडे तपासणारीचा हात बटणांवर फिरत होता, बायको बघत होती, आणि माझी मुलगी बटणाशीच खेळत राहिली. फार वेळानं एकदा वळली. माकड वाजलं. मग पुन्हा बटण. मी तोंड घट्ट मिटून बसलो. पाय सैल सोडायचे एवढंच माझ्याकडून मागितलेलं होतं आणि तेही मला जड जात होतं.

दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, आणि बरंच कमी. ढोल अगदी जवळ वाजला तर काही कळेल, बोलणं कळणार नाही. औषधानं बरं होण्यातलं हे नाही, पण कानामागे यंत्रं लावली तर बोलणं पोहोचवता येईल, आणि जितक्या लवकर तितकं बरं. हे सगळं तपासणारीनं न घाबरवता सांगितलं. मग मी विचारलं की चौथ्या-पाचव्या महिन्यात लेक इतकी बोलायची ती कशी. ती म्हणाली की सुरुवातीचे आवाज सगळीच मुलं काढतात, ऐकू येणारी आणि न येणारीही. ऐकू येणाऱ्या मुलाला स्वतःचाच आवाज परत मिळतो, आईनं दिलेलं उत्तर मिळतं, म्हणून ते पुढे जातं. सहाव्या महिन्याला आवाजाच्या दिशेला मान वळते, नवव्याच्या आसपास स्वतःचं नाव कळतं, वर्षाला एखादा शब्द येतो. ज्याला परत काही मिळत नाही ते मूल हळूहळू गप्प होतं. ऐकणं तर जन्माच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं, पोटातल्या बाळालाही आईचा आवाज कळतो.

आता बायकोनं विचारलं, "मंग मी पोटावर हात ठेवून रोज बोलायची, ते तिला काय पोचलं नसेल?"

तपासणारी मुलगी म्हणाली, सांगता येत नाही. थोडंफार पोहोचलंही असेल.

बायको "बरं" म्हणाली आणि मुलीचे बूट घालायला खाली वाकली. ती बराच वेळ बूटच घालत होती.

यंत्रं आली तेव्हा मुलगी वर्षाची होत आली होती. यंत्रं चढवली की लेक वळून बघेल, हसेल, आपण रडू, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं, कारण फोनवर तसले व्हिडिओ मीही बघितले होते. तिनं भोकाड पसरलं आणि दोन्ही यंत्रं ओढून काढली. महिनाभर हेच चाललं. तपासणारीनं आधीच बजावलं होतं, की तिचं ऐकणं आजपासून सुरू झालंय असं धरा. कान आहेत म्हणजे लगेच कळतं असं नाही, आवाजांतून शब्द निवडायला नवजात बाळालाही वर्ष लागतं. तुम्ही एकच करायचं, बोलायचं. दिवसभर, जवळ बसून, जे करताय ते.

मी मस्कतला परत गेलो नाही. महाडमध्ये चुलतभावाच्या टाइल्सच्या दुकानात बसायला लागलो. आईला वाटलं मी पोरीसाठी नोकरी सोडून वेडेपणा केला, आणि मलाही अधूनमधून तसंच वाटायचं. पण घरात बोलणारं माणूस कमी पडत होतं. मी, ज्याला ग्राहकाशी दोन वाक्यं बोलायचा कंटाळा, तो आता तांदूळ धुताना म्हणायचो, हे बघ पाणी, पाणी ओतलं, तांदूळ धुतले, पाणी पांढरं झालं. रिक्षा आली, रिक्षा गेली. शेजारी हसायचे. आई लोकांच्या नजरेला घाबरून मुलीला टोपडं घालायची आणि त्याखाली यंत्रांची तोंडं झाकली जायची. मी ते काढायचो, ती परत घालायची. शेवटी बायकोनं तिन्ही टोपडी कुठेतरी नाहीशी केली.

पावसाळ्यात दमट हवेनं यंत्रं बिघडतात म्हणून ती रोज एका डबीत ओल शोषणाऱ्या खड्यांत ठेवावी लागतात. सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की महाडात लोक आधी कागदपत्रं माळ्यावर टाकतात. आम्ही आधी ती डबी टाकायचो.

एवढं करूनही वर्ष गेलं आणि शब्द आला नाही. आवाज परत सुरू झाले होते, पण शब्द नाही. मी सारखी परीक्षा घ्यायचो. पाठीमागून हाक मारायचो, दाराआडून टाळी वाजवायचो. कधी वळायची, कधी नाही, आणि वळली तरी माझी सावली दिसली का, फरशीला धक्का लागला का, असा संशय. पनवेलला दर खेपेला विचारायचो आणि ती तपासणारी दर खेपेला सांगायची, परीक्षा घेऊ नका, बोला. मान डोलावून घरी यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराआड उभा राहायचो. बायको ते बघायची आणि एकदा ती म्हणाली की तिला माझ्या त्या दाराआड उभं राहण्याची भीती वाटते. मुलगी वळली नाही की माझं तोंड कसं होतं ते मुलीला दिसतं, असं तिचं म्हणणं होतं. मांडीवरून तिनं सगळं ओळखलं होतं, मग तोंडावरून ओळखणार नाही का. त्यानंतर मी दाराआड उभं राहणं सोडलं. विचार मात्र सुटला नाही. दुकानात टाइल्स मोजतानाही मला वाटायचं, आत्ता कोणी तिला हाक मारत असेल आणि ती वळत नसेल.

ती सव्वादोन वर्षांची झाली त्या सुमाराची गोष्ट. दुपारी मी जेवायला घरी आलो. सकाळी एका माणसानं नेलेला माल परत आणून माझं डोकं खाल्लं होतं आणि मी त्याच तिरमिरीत होतो. मुलगी पडवीत आमच्याकडे पाठ करून बसली होती. फडताळातली सगळी झाकणं काढून तिनं ओळीनं मांडली होती. मी आत लोणच्याची बरणी शोधत होतो, ती सापडत नव्हती, आणि फडताळात डोकं घालूनच मी ओरडलो, "चल, जेवायला."

"नाय," पडवीतून आवाज आला.

मी बरणी शोधत राहिलो. मग माझा हात थांबला. मागे बघितलं तर बायको हातात भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी होती. मुलगी पाठ करूनच बसली होती आणि एक झाकण दुसऱ्यावर ठेवत होती. समोर फोन नव्हता, आमची सावली तिच्यापर्यंत जात नव्हती, तिच्या आणि आमच्या मध्ये अख्खी खोली होती.

मी पुन्हा म्हणालो, भात थंड होतोय गो, चल.

"नाय."

या वेळी जरा चिडून, आणि तरीही न वळता. तिसरी हाक मारायला मी तोंड उघडलं, तोच बायकोनं माझा हात धरला. पातेलं खाली ठेवून ती तिथेच जमिनीवर बसली होती.

"आता नका हाक मारू," ती म्हणाली. "ऐकलं हाय तिनं. तिला यायचं नाय."